बक्कल तेवढं उघडू नका

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसलेल्यांनीही आत या, ही गोष्ट मला मोठ्यानं सांगवत नाही. ऐकताना जीव धास्तावेल. पण उठाल तेव्हा एका माणसाबद्दल माया घेऊन उठाल, एवढं देवाला स्मरून सांगतो.

जुन्या चामड्याची निगा राखणं हा माझा धंदा. खोगिरं, लगाम, म्यानं, प्रवासाच्या पेट्या. आधी कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची, मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायचं, मग तेल-मेणाचं मलम बोटानं चोळायचं, पातळसं, आतल्या बाजूनं. घाईनं पाजलं की चामडं लिबलिबीत होतं. आणि कशालाही हात लावण्याआधी सगळी बक्कलं उघडायची. पट्टा तुटतो तो बहुतेक बक्कलापाशीच. तिथं घडी पडलेली असते आणि घडीत तेल पोचत नाही.

एका सकाळी एक वयस्कर बाई कापडात गुंडाळलेला कमरपट्टा घेऊन आल्या. उंच धुराड्यांवर चढून विटा सांधणारे गवंडी बांधत, तसला. रुंद, काळपट, मागे हातभर वादी आणि वादीच्या टोकाला लोखंडी कडी. कडी धुराड्याच्या आकड्यात अडकवायची, पायांचे तळवे भिंतीला टेकवायचे आणि मागं रेलून काम करायचं.

"माझ्या वडलांचा," बाई म्हणाल्या. "भर दुपारी वाऱ्यानं धूर त्यांच्यावर फिरला. धूर गेला तेव्हा पट्टा आकड्याला लटकत होता. बक्कल लागलेलं. ते त्यात नव्हते. खालीही नव्हते."

मी कापड पुरतं उलगडलं.

"आईनं पट्टा उतरवून आणवला आणि घरात टांगून ठेवला. तिच्यामागं मी सांभाळला. आता बक्कलाखाली चीर पडलीय, दादा. तेवढी वाढू देऊ नका." दारात जाऊन त्या वळल्या. "आणि बक्कल तेवढं उघडू नका."

"ताई, हे म्हणजे बूट न काढता पाय धुण्यातला प्रकार झाला!"

त्या हसल्या नाहीत.

मी पट्टा कामाच्या खोलीत, चुन्याच्या भिंतीवरच्या खुंटीला कडीनं अडकवला. वादी ताठ राहिली. जुनं चामडं ताठरतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. बक्कल सोडून बाकी सगळीकडे मलम लावलं.

दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पांढरी पूड फुटली होती. चामड्यातली चरबी वर येते कधीकधी. ऊब दिली की विरघळते. मी दिवा जवळ धरला. विरघळली नाही. बोटानं उचलून जिभेला लावली.

मीठ. आणि खालचं चामडं ओलं होतं.

पुसलं. सकाळी पुन्हा तेच.

आता पट्टा मऊ झाला होता, मेणासारखा. सैल लोंबायला हवा होता. पण वादी ताणलेलीच, तीही तिरकी, भिंतीपासून सुटलेली. उतरवायला गेलो तर कडी खुंटीवरून तसूभर हलली नाही.

"माझ्या टाचांना भेगा पडल्यात, तिकडे बघायला वेळ नाही," बायको दारातून म्हणाली, "आणि त्या पट्ट्याचे केवढे लाड!" मग ती आत आली आणि पट्ट्याखालच्या भिंतीकडे बघत राहिली. "अहो, इथं कोण चढलं होतं?"

चुन्यावर शेजारी शेजारी दोन काळ्या खुणा होत्या. बुटांच्या तळव्याएवढ्या. मी बोट फिरवलं. काजळी होती, ओली.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्या बाईंना परत देऊन टाका."

"उतरत नाही ना."

"मग उघडा एकदाचं!"

मलाही तेच वाटत होतं. चीर बक्कलाच्या दांडीखाली शिरली होती. न उघडावं तर ती आतल्या आत वाढणार आणि पट्टा तुटणार. उघडावं तर... ते मी मनातसुद्धा पुरं म्हटलं नाही.

दुपारचं लख्ख ऊन खोलीत होतं. देवाचं नाव घेतलं आणि पट्ट्याचं टोक धरलं.

बक्कल सोडवताना पट्टा आधी किंचित आवळावा लागतो, तेव्हा काटा भोकातून सुटतो. मी ओढलं.

रिकामा पट्टा आवळला जाईना.

जोर लावला.

माझ्या तोंडासमोर कुणीतरी पोट आत ओढून श्वास घेतला.

भिंतीवरून काहीतरी खरवडत घसरलं. चुन्याचा पापुद्रा माझ्या पायावर पडला. वादी करकरली.

मी हात सोडला. काटा भोकातच होता.

"घट्ट धर रे बाबा," मी पुटपुटलो. कुणाला म्हणालो, ते बायकोनं विचारलं नाही.

बाई पुन्हा आल्या नाहीत. त्या गेल्याचा निरोप आला. पट्टा माझ्याकडेच राहिला. पिसाचं टोक तेलात बुडवून मी रोज थेंब थेंब त्या घडीत सोडतो. चीर थांबलेली नाही, सावकाश झालीय. माझे हात आता कापतात.

इतकी वर्षं मी रोज त्या दोन खुणांवरून बोट फिरवतो. रोज काजळी ओली लागते. आज सकाळी डावी ओली होती. उजवीवर धूळ बसली होती.

एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. घरी जाऊन हात जोडाल तेव्हा मला विसरलात तरी चालेल, त्या गवंड्याची आठवण ठेवा. दमलाय तो.