दहा दिवस हात लावायचा नाही

तोंडात कापूस, हिरडी बधिर, आणि शेजारी उभा राहून दातांचा डॉक्टर फोनवर सांगत होता, “अगं ताई, प्रवाळ मलूल दिसतंय, म्हणून टाकीत आणखी मूठभर मीठ टाकलं.”

खुर्चीतली मुलगी ताडकन उठू लागली. घरोघरची खाऱ्या पाण्याची मत्स्यालयं सांभाळणं हेच तिचं काम. “ऊंऽऽ!” तिने जोरजोरात हात हलवले.

“दुखतंय?” म्हणत त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं!

संध्याकाळी ती वाकड्या तोंडाने त्याच्या घरच्या टाकीसमोर उभी होती. आळंबीच्या आकाराच्या त्या मऊ प्रवाळाची कड सडली होती.

“ताईने बारा वर्षं वाढवलंय. माझ्या भरवशावर ठेवून गेलीय... दहा दिवसांनी येईल,” तो म्हणाला. त्याचा चेहरा बघून तिला रागावताही येईना.

तिने सडका भाग कापला, प्रवाळ आयोडीनच्या पाण्यातून काढून जागेवर बसवलं. “आता दहा दिवस हात लावायचा नाही. ते मिटेल, कात टाकेल, आपलं आपण उघडेल.”

दुसऱ्या दिवशी फोन. “मिटलंय!”

“मिटणारच!”

तिसऱ्या दिवशी, “मेण फासल्यासारखं दिसतंय. ब्रशने हळूच...”

“ब्रश खाली ठेवा! तुमच्या पेशंटने टाके उसवून बघितले तर?”

“बघतात हो,” तो रडवेल्या सुरात म्हणाला. तिला हसू फुटलं, आणि हसल्याचा संताप आला. वैताग नुसता!

सहाव्या दिवशी फोन आला नाही. तेव्हा तर तिचं डोकंच फिरलं. ती थेट त्याच्या दारात.

“फोन का नाही केलात?”

“तुम्ही ओरडता...”

“म्हणून करायचाच नाही?”

दहावा दिवस. ती पुन्हा त्याच्याकडे, टाकीसमोर. ताई तासाभरात येणार, आणि प्रवाळ मिटलेलंच. आपलंच चुकलं असेल तर? तिने बाही वर सारली. हात पाण्यात जाणार, तोच त्याने मनगट धरलं.

“हात लावायचा नाही.”

“पण ताई—”

“ताईला मी तोंड देईन. मी दहा दिवस तुमच्यावर विश्वास ठेवलाय. तुम्हीही ठेवा.”

दोघं तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने एक पातळ पापुद्रा सुटून पाण्यात तरंगला. खालून प्रवाळाचं एक इवलंसं बोट बाहेर आलं... मग दुसरं. तिचे डोळे भरून आले.

दारावरची बेल वाजली.

“झालं बरं. आता मी कशाला येऊ?” ती पुटपुटली.

“मला ओरडायला. रोज.”

“दार उघडा आधी! ...येईन.”

बेल पुन्हा वाजली. मनगट अजून त्याच्याच हातात होतं, आणि तिनेही ते सोडवून घेतलं नाही.