पिंपाची किल्ली

जानेवारीतल्या त्या पहाटे अँब्युलन्स सुरूच झाली नाही. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या शांताताईंना छातीत कळा येत असताना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वाचल्या. पण कान्होजींनी ड्रायव्हर गोविंदला भर चौकात चोर म्हटलं आणि घरी पाठवलं.

मोहल्ल्यातल्या मंडळाची ही गाडी कान्होजी सांभाळायचे. फौजेतला माणूस, संशय आला की त्यांच्या लेखी निकाल लागलेला असायचा. आदल्या संध्याकाळी गोविंद डिझेल भरायला पंपावर निघाला, तर त्याला अडवून त्यांनी गॅरेजमधल्या पिंपातलं डिझेल स्वतः भरलं होतं. तेच काढून गोविंदनं रॉकेल ओतलं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पुराव्यासाठी त्यांनी शरयूबाईंना बोलावलं. बाईंची हयात इंधनाच्या प्रयोगशाळेत गेली होती.

दुसऱ्या सकाळी सातला बाईंनी टाकीतलं डिझेल बाटलीत काढलं. ते ताकासारखं गढूळ होतं. कान्होजी मिशीत हसले. बाईंनी बाटली कट्ट्यावर ठेवली आणि विचारायला सुरुवात केली.

“स्टार्टर फिरत होता?”

“एकदम. बॅटरी नवीच आहे.”

“मग गाडी सुरू कधी झाली?”

“दुपारी, ऊन चढल्यावर. अपने आप. म्हणूनच म्हणतो, नाटक होतं त्याचं.”

अकराच्या उन्हात बाटलीतलं डिझेल लख्ख निवळलं.

“रॉकेल नाही हे,” बाई म्हणाल्या. “रॉकेल असतं तर थंडीत डिझेल पातळ राहिलं असतं, गाडी कदाचित सुरूही झाली असती. हे मेण आहे. उन्हाळ्याच्या डिझेलमधलं मेण गारठ्यात गोठतं, फिल्टरमध्ये अडकतं, इंजिन उपाशी राहतं. पंपावर सध्या हिवाळ्याचं डिझेल मिळतं. पिंप कधी भरलंत?”

पिंपावर खडूनं ‘जून’ लिहिलेलं होतं. अक्षर कान्होजींचं.

“आणि पिंपाच्या कुलपाची किल्ली?”

ती त्यांच्या कमरेलाच होती. त्यांना एवढी लाज वाटली की बाईंकडे बघवेना.

संध्याकाळी ते पडाव मोहल्ल्यात गोविंदच्या दारात उभे राहिले. चूक आपली होती, उद्या चौकातही सांगतो, म्हणाले आणि किल्ली पुढे केली.

गोविंदनं ती घेतली नाही.

“आई दोन दिवस जेवली नाही, दादा. आधी तिला सांगा.”

कान्होजींनी चपला काढल्या. आतून खोकल्याचा आवाज आला. उंबरा ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला.