दुपारी एक दहाचं कनेक्शन

ही गोष्ट रात्रीची नाही, म्हणून काही जण ती खोटी ठरवतील. माझी हरकत नाही. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि जे मोजलं तेवढंच लिहितेय. नोंदींची फाईल माझ्याकडे आहे.

जागा, कोथरूडमधली एक पॅथॉलॉजी लॅब. याच मार्चमधला मंगळवार. भर दुपार.

सर्व्हर सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नोकरी करते. ही लॅब आमची गिऱ्हाईक. आमच्या ऑफिसच्या रक्ततपासण्याही तिथेच होतात.

त्या दिवशी लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला.

"अहो तनया, तुमचा सर्व्हर रोज एक दहाला झोपतो आणि एक चौतीसला उठतो. तसंच ठरलं असेल तर सांगा, बाहेर पाटी लावतो."

हा सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा डबा नव्हे. दूरच्या एका मोठ्या यंत्राचा भाड्याने घेतलेला तुकडा. त्याच यंत्रावर आणखी कोणाकोणाचे तुकडे असतात. शेजाऱ्याने जास्त ताकद खाल्ली की आपला मंदावतो.

म्हणून आधी शेजाऱ्यांवर संशय घेतला. ते शांत होते.

मेमरी पुरेशी होती. बॅकअप पहाटे चालायचा.

मग डेटाबेसला त्या वेळात कोण काय विचारतंय ते पाहिलं.

एक दहाला एक कनेक्शन उघडत होतं. सकाळी तपासलेल्या एकेका पेशंटचे सगळे जुने रिपोर्ट मागत होतं. दर वेळी लाखो नोंदींचा अख्खा तक्ता चाळला जायचा, म्हणून बाकीचं काम तुंबायचं.

खातं निकिताचं. निकिता तिथली टेक्निशियन, माझ्याच वयाची.

पण ज्या रकान्यात संगणकाचं नाव येतं, तो रकाना...

रिकामा होता.

मी डॉक्टरांना कळवलं.

"म्हणजे ती पेशंटचे जुने रिपोर्ट बाहेर देतेय."

"तसं अजून म्हणता येणार नाही, सर."

"शनिवारपर्यंत म्हणता येईल असं काहीतरी आणा. नाहीतर सोमवारी ती इथे नसेल."

असा ठपका लागला तर तिला कुठलीच लॅब घेणार नव्हती. खरं सांगते, मलाही तिचाच संशय होता.

गुरुवारी मी दोन मागण्यांमधलं अंतर मोजलं. प्रोग्रॅम असता तर अंतर ठरावीक असतं. इथे एकोणीस सेकंद, बेचाळीस, पंचवीस, एकसष्ट...

आलेख काढला. रिपोर्ट जितके जास्त, तितका थांबा लांब.

कोणीतरी ते वाचत होतं.

शुक्रवारी मी लॅबमध्ये जाऊन निकिताच्या शेजारी बसले. तिच्या संगणकाची वायर काढली. तिचा फोन माझ्या बॅगेत टाकला.

"हातकड्या आणल्यात का?" तिने डबा उघडत विचारलं. "मग मेथीची भाजी तुम्हीच भरवा."

एक वाजता यंत्रं थांबली. बाकीचे जेवायला खाली गेले. आम्ही दोघीच उरलो.

एक दहा.

माझ्या लॅपटॉपवर कनेक्शन उघडलं... निकिताच्या नावाने.

निकिताच्या हातात पोळीचा घास होता.

मी कनेक्शन तोडलं. अकरा सेकंद काहीच नाही. मग ते पुन्हा आलं. सुरुवातीपासून नाही... जिथे तोडलं होतं, त्याच पेशंटपासून.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलाकडून माऊसचं चाक फिरवल्यासारखा बारीक आवाज आला. त्या टेबलावर फक्त जुनी रजिस्टरं होती.

निकितानेही तिकडे मान वळवली. म्हणजे तो मला एकटीलाच ऐकू आला नव्हता.

"तिथे मंदाकिनीताई बसायच्या," ती हळूच म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत आजच्या रिपोर्टशेजारी पेशंटचे जुने रिपोर्ट लावून बघायच्या. त्याशिवाय सही नाही. त्या गेल्यावर सरांनी ते बंद केलं. दोनच्या आत रिपोर्ट मोबाईलवर जायला हवेत ना."

"कधी गेल्या?"

"जानेवारीत वारल्या. माझा पासवर्डही त्यांनीच ठरवून दिलेला. बदलायचा राहिला."

स्क्रीनवर मागण्या थांबल्या होत्या. एक मिनिट... दोन... चार...

एवढा लांब थांबा आधी एकदाही नव्हता.

"हा कोणाचा रिपोर्ट?" मी विचारलं.

निकिताने छापील प्रत काढली. पोपट नावाचे येरवड्याचे आजोबा. आज हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक दोन. मी माझ्या लॅपटॉपवर जुने रिपोर्ट उघडले. सातही वेळा आठ ते नऊच्या मध्ये.

निकिताने डबा तसाच ठेवला. नमुना पुन्हा तपासला तेव्हा कळलं, दोन नळ्यांच्या स्टिकरांची सकाळी अदलाबदल झाली होती. खरा आकडा आठ पूर्णांक तीन. सोमवारी आजोबांचं ऑपरेशन होतं. आधी रक्त चढवायचं की नाही, ते याच आकड्यावर ठरणार होतं.

डॉक्टरांनी माझा लॅपटॉप पाहिला, काढलेली वायर पाहिली, दोन्ही रिपोर्ट पाहिले.

"निकिता, सोमवारपासून जुने रिपोर्ट तू बघायचेस. दोनचे अडीच झाले तरी चालतील," एवढंच म्हणाले.

शनिवारी मी निकिताचा पासवर्ड बदलला. तक्त्याला इंडेक्स लावला, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची. सर्व्हर पळायला लागला. आमच्या फॉर्ममध्ये कारण लिहिलं, 'इंडेक्स नव्हता'. ते खरंच आहे. कोण शोधत होतं, असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही.

सोमवारपासून ते कनेक्शन आलं नाही. निकिता रोज एक दहाला बसायची. मी रोज नोंदी बघायचे. सलग सतरा दिवस काही नाही.

काल निकिता रजेवर होती. तिच्या जागी कोणी बसलं नाही.

एक दहाला कनेक्शन उघडलं.

संगणकाचा रकाना रिकामा. खातं... माझं. त्याचा पासवर्ड मी कोणालाही सांगितलेला नाही.

त्यात एकच मागणी होती. पुढे चोवीस मिनिटं... नुसता थांबा.

मागवलेले रिपोर्ट माझे होते. आमच्या ऑफिसची वार्षिक तपासणी काल सकाळीच झाली. माझ्या रिपोर्टवर सगळं नॉर्मल लिहिलंय.

आज सकाळी मी पुन्हा रक्त देऊन आले. दुसऱ्या लॅबमध्ये.

रिपोर्ट संध्याकाळी येईल.