टिकलीने काढलेला माग

ईश्वरीने कानामागची जुनी टिकली सोलून काढली, नवी चिकटवली आणि दप्तर भरायला घेतलं. फलटणमध्ये हल्ली निम्म्या घरांत कुणाच्या ना कुणाच्या कानामागे अशी माग-टिकली दिसते. दिसायला मसुराच्या दाण्याएवढी. पण ऊन, वास, झोप, खाणंपिणं, भोवतालचं बोलणं सगळं टिपते आणि डोकं दुखण्याआधी काय घडलं त्याचा माग काढते.

सात वाजले. तेजश्रीने लेकीच्या हातात डबा देत नेहमीचं विचारलं, "आज डोकं कसंय?"

बरं आहे म्हणून ईश्वरी गेली, आणि पहिल्याच तासाला कपाळ दाबून बसली.

चार वर्षं हेच चाललं होतं. पित्त असेल म्हणून चिंच बंद झाली, ऊन लागत असेल म्हणून मैदान. तेजश्रीने पोरीसाठी जिवाचं रान केलं. खो-खोच्या जिल्हा संघातली ईश्वरीची निवड दोनदा हुकली होती. यंदाची चाचणी सहा आठवड्यांवर आली होती आणि वयात बसायचं हे शेवटचंच वर्ष.

साठ दिवसांच्या नोंदी घेऊन तेजश्री एकटीच डॉ. मुजावर यांच्याकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी आलेख दोनदा पाहिला, चष्मा काढून ठेवला.

"ऊन निर्दोष, चिंच निर्दोष. टिकलीला तुमचा प्रश्न सापडलाय."

तेजश्री रोज ठरल्या वेळी विचारायची, सकाळी सात आणि संध्याकाळी सव्वापाच. तोवर ईश्वरीची नाडी शांत असे. प्रश्न कानावर पडला की मेंदू दुखणं हुडकायला लागे, मानेचे स्नायू आवळले जात आणि वीस मिनिटांत ठणका सुरू. पोर ढोंग करत नव्हती, ठणका खराच होता.

तेजश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हणजे मीच तिचं डोकं दुखवते?"

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. महिनाभर तेवढं एक वाक्य बंद ठेवून बघा, म्हणाल्या, आणि निवड होईस्तोवर लेकीला यातलं काही कळू देऊ नका, नाहीतर ती त्याच प्रश्नाची वाट बघत बसेल.

तेजश्रीने मग तोंडच बंद केलं. उघडलं तर तेच बाहेर पडेल ही धास्ती. सव्वापाच वाजले की ती मुकाट्याने पोह्याची ताटली ठेवायची आणि आत निघून जायची. पहिल्या आठवड्यात ईश्वरीचं डोकं तीनदा दुखलं, दुसऱ्यात एकदा. पुढे नाहीच. पोर पुन्हा मैदानावर पळायला लागली.

निवडचाचणीच्या संध्याकाळी ईश्वरी घरी आली, दप्तर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेजश्री दारातच थबकली. दुखत असेल का? ओठांवर आलेलं तिने गिळलं.

"आई, माझं काही चुकलंय का गं?"

"का गं?"

"महिना झाला, तू माझ्याशी बोलतच नाहीस. माझी निवड झाली. तेही नाही विचारलंस."

तेजश्री मटकन तिच्याशेजारी बसली. चार वर्षांत या पोरीला आपण दुसरं काही विचारलंच नाही, हे तिला आत्ता कळलं आणि फार वाईट वाटलं. नवा प्रश्न जुळवायला तिला बराच वेळ लागला.

"पहिला गडी कसा बाद केलास?"