साडेतीन स्टार

भूमिका, आधी तो मोबाइल पालथा ठेव. त्या सिनेमाला कुणी किती स्टार दिले ते मला वाचून दाखवू नकोस. त्यातले साडेतीन माझ्याच हातून छापले गेलेत. सरका इकडं सगळे. मोठ्यानं बोलायची ही गोष्ट नाही.

हेमकांत तुम्हाला आठवत असेल. नंदुरबारच्या आमच्या पेपरात मी पानं लावायचो, तेव्हा तो शनिवारच्या अंकात सिनेमावर लिहायचा. दिवसा तहसीलमध्ये कारकून. वाईटाला वाईट म्हणायचा. टॉकीजवाले त्याच्यावर चिडायचे, पण पेपर आला की आधी त्याचंच वाचायचे.

शुक्रवार, १२ मे २०२३. संध्याकाळी साडेपाचला तो स्कूटर काढून निघाला. सहाचा खेळ पाहायचा आणि रात्री अकरापर्यंत मला मजकूर पाठवायचा, एवढंच काम. सिनेमा होता ‘वरली खोली’. जुन्याचाच नवा केलेला.

जुना १९९८ चा. शहाद्याच्या काही नाटकवाल्यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेला. सारंगखेड्याच्या जत्रेत तंबूत दाखवला होता, मी पाहिलाय. त्यातली गोष्ट घडलेली होती. तापीकाठचं एक गाव... नाव घेत नाही, तिथं आपली सोयरीक आहे. दगाजी म्हणून बडी असामी, त्यांचं दुमजली घर. त्यांची थोरली सून दीपमाला, बावीस वर्षांची. तिनं माहेरी चिठ्ठी लिहिली, ती सासरच्यांना सापडली. १९९१ चा मे महिना. तिला वरच्या खोलीत कोंडलं. तीन दिवस. पाणीसुद्धा दिलं नाही. चौथ्या दिवशी दार उघडलं, तेव्हा...

असो.

पंचनाम्यात लिहिलं, उष्माघात. शेजाऱ्यांनी जबाब दिले, आम्ही काही ऐकलं नाही. त्यात भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सिंधुबाईही होत्या. म्हणजे हेमकांतची आई. तो तेव्हा धुळ्याला कॉलेजात. आईनं सांगितलं ते त्यानं खरं मानलं. पुढं दगाजींच्या घरात वरून दार ठोकल्याचा आवाज यायला लागला आणि घर रिकामं पडलं. जुना सिनेमा इतकंच दाखवायचा. संपल्यावर तंबूतली माणसं एकमेकांकडं न बघता बाहेर पडली होती.

नवा काढला भाग्येशनं. दगाजींच्या धाकट्या मुलाचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला. बोलायला फार गोड. आठ दिवस आधी इथं नंदुरबारला हेमकांतच्या घरी येऊन सिंधुबाईंच्या पाया पडला. “काका, आजोबा थकले आता. एकदा चांगलं लिहा.” जाताना दारातून म्हणाला, “आणि रंजिताचं कायमचं पत्र जूनमध्ये निघतंय बरं का.” रंजिता हेमकांतची मुलगी. भाग्येशच्या घरचे चालवतात त्या शाळेत चार वर्षं तात्पुरती शिकवत होती.

धमकी नाही. आवाजही चढवला नाही.

टॉकीज गच्च भरलेलं. मुंबईच्या कुठल्याशा वेबसाइटनं दुपारीच चार स्टार देऊन टाकले होते. ‘मातीतली अस्सल भीती’, असं लिहिलं होतं. हेमकांतला भिंतीकडून दुसरी खुर्ची मिळाली. अंधार झाल्यावर भिंतीकडच्या खुर्चीत एक बाई दिसली. डोक्यावर पदर. कधी येऊन बसली, त्याला कळलं नाही.

पडद्यावर सगळं उलटं केलेलं. सून चेटकीण. सासरा देवमाणूस. ती घरातली लेकरं खाते, म्हणून बिचारे तिला कोंडतात. ती दारावर डोकं आपटते आणि लोक शिट्ट्या मारतात. मागून कुणी ओरडलं, “मरू दे तिले!” टॉकीजभर हशा.

मग शेवट. सासरा वर जातो. कडी काढतो.

शेजारून आवाज आला. अगदी साधा. घसा कोरडा पडल्यासारखा.

“भाऊ, दार कोन उघाडस?”

“सासरा,” हेमकांत म्हणाला.

“खरंच?”

“सिनेमामधे उघाडस, बाई.”

पडद्यावर चेटकीण जळाली. टाळ्या पडल्या. दिवे लागले. भिंतीकडची खुर्ची रिकामी. तिला बाहेर जायचं तर याचे गुडघे ओलांडून जावं लागलं असतं...

“आबा, मंग?”

सांगतो ना.

बाहेर भाग्येशची माणसं लोकांना मोबाइलसमोर उभं करून विचारत होती, कसा वाटला? एका नवऱ्यानं नव्या नवरीला पुढं ढकललं. ती लाजून म्हणाली, “चुडैल खतरनाक शे!” सगळे हसले. हेमकांत तिथून घरी आला, जेवला नाही, लिहायला बसला.

दहा चाळीसला मला त्याचा मजकूर आला. पहिलंच वाक्य होतं, ‘या घरात भूत नव्हतं, एक तहानलेली बाई होती.’ आम्ही बरोबर काम केलं ती पंधरा वर्षं, असं त्यानं कधी लिहिलं नव्हतं. मी पानावर लावलं. तेवढ्यात फोन. “चुडामण, ते छापू नको. दुसरं देतो.”

मी का म्हणून विचारलं नाही. मला ठाऊक होतं. रंजिता मला काका म्हणते.

तो दुसरं लिहायला बसला. रंजिता आत झोपलेली. सिंधुबाई पुढच्या खोलीत खाटेवर. एक वाक्य झालं. दोन झाली. आणि वरून...

ठक.

घर बैठं. वर फक्त गच्ची.

ठक. ठक.

जोरात नाही. हात थकलेल्या माणसासारखं. मधे थांबायचं. आता संपलं असं वाटायचं. मग पुन्हा...

हेमकांत मान खाली घालून लिहीत राहिला.

खाटेवरून आई म्हणाली, “हेमकांत.”

“काय, माय?”

“तुले ऐकू येस का?”

वर ठक... ठक...

“नई,” तो म्हणाला. “काहीच नई.”

सिंधुबाईंनी छताकडं पाहिलं.

“मी बी तवय आसंच सांगेल व्हतं.”

...

सव्वाअकराला मला दुसरा मजकूर आला. ‘कौटुंबिक मूल्यं जपणारा, थरारक अनुभव. साडेतीन स्टार.’ मी पहिला काढला, दुसरा लावला. पान छपाईला सोडलं. त्यानं पाठवलं आणि वरचा आवाज थांबला, असं तो म्हणतो.

सिनेमा सात आठवडे चालला. रंजिता जूनमध्ये कायम झाली. सिंधुबाईंनी त्या रात्रीनंतर दार लावून झोपू दिलं नाही कुणाला. श्रावणात गेल्या. हेमकांत पुन्हा सिनेमावर लिहायला बसला नाही. भाग्येशला त्या वर्षी कुठलासा पुरस्कार मिळाला. त्याची बातमीही मीच लावली.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. सात वाजता हेमकांतचा फोन आला, “ये.” एवढंच. मी गेलो. घरात एकाही नळाला पाणी नव्हतं. शुक्रवारी पालिकेचं पाणी आलं होतं आणि रंजितानं गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी काठोकाठ भरली होती. आम्ही दोघं वर चढलो. स्लॅब खडखडीत. धूळ जशीच्या तशी, त्यावर आमच्याशिवाय पाऊल नाही. पाइप धड. वाऱ्यानं उडू नये म्हणून टाकीच्या झाकणाला बाहेरून तार आवळलेली. ती हेमकांतनं माझ्यासमोर पकडीनं सोडली. मी वाकून आत पाहिलं.

टाकी कोरडी होती. एक थेंब नाही. आणि आतल्या हिरव्या शेवाळावर, तळापासून वर झाकणापर्यंत, बोटं ओढल्याच्या रेघा होत्या.