जलपरतीवरचा आळ

‘गगनवेल’ यान मंगळाभोवती घिरट्या घालू लागलं, आणि त्याच सकाळी जलपरतीच्या चाळणीत वाळू सापडली.

जलपरती म्हणजे यानातल्या तिघांच्या मूत्रातून पिण्याचं पाणी परत काढणारं यंत्र. ते मल्लिकार्जुन बिरादारांनी घडवलं होतं. माणूस जतच्या दुष्काळी माळावर वाढलेला. थेंब सांडला तरी ते बोटाने टिपून घ्यायचे. सगळ्या प्रवासात यंत्राने कधी कुरकुर केली नव्हती. आणि आता तोंडाशी, मूत्र आत शिरतं त्या चाळणीवर, बारीक टोकदार कण.

“अण्णा, तुमचं यंत्र खडे करतंय,” यानप्रमुख सुहासिनी तरडे म्हणाल्या. “खाली मंगळावर होणाऱ्या वस्तीसाठी याच घडणीचं मोठं यंत्र उतरवायचंय. ते तिथे तुंबलं तर माणसं तहानेने मरतील. मला उतरणं रद्द करून परत फिरावं लागेल.”

पोटच्या पोरावर चोरीचा आळ यावा, तसे बिरादार ताठ झाले.

“कण चाळणीवर आहेत, मॅडम. चाळणी यंत्राच्या अलीकडे. मग चोर घरातला कसा?”

“आतून उलटे वाहून आले असतील.”

“मग असं करा. उद्या तिघांनी आपापलं मूत्र वेगळ्या पिशवीत द्यायचं. यंत्राला ते लागूच द्यायचं नाही. एका जरी पिशवीत कण निघाले, तर माझं यंत्र निर्दोष. नाही निघाले, तर खुशाल परत फिरा, मी चकार शब्द काढणार नाही.”

“वा! म्हातारपणी पुन्हा परीक्षा,” डॉ. तबस्सुम नदाफ हसली. ती मिरजेची, तिघांत सगळ्यात धाकटी. “पेपर तरी सोपा आहे, अण्णा.”

दुसऱ्या दिवशी नदाफ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. “मॅडमची पिशवी स्वच्छ. माझीही स्वच्छ.” तिसऱ्या पिशवीतला थेंब तिने दोनदा तपासला. “हे बघा. इथे आहेत कण. चाळणीवरचेच.”

“सुटलं!” बिरादारांनी मांडीवर थाप मारली. “माझं यंत्र सुटलं!”

मग दोघीही आपल्याकडे का बघताहेत, ते त्यांना उमगलं. तिसरी पिशवी त्यांची होती.

“हे होतं कसं?” तरडेंनी विचारलं.

“अंगावर भार नसला की हाडं कॅल्शियम सोडतात,” नदाफ सांगू लागली. “ते तिघांच्याही मूत्रात उतरतं. तिथे ऑक्झलेट असतंच. दोघांची गाठ पडली की स्फटिक तयार होतो, आणि स्फटिक वाढला की मुतखडा. म्हणून आपण रोज लिंबातला क्षार घेतो, सायट्रेट. ते मधे पडून कॅल्शियमला धरून ठेवतं.”

“क्षार मीही घेतो. एकदाही चुकवला नाही.”

“पण पाणी? पाणी कमी पडलं तर मूत्र दाट होतं. घट्ट पाकात खडीसाखर जमते ना, तसं. मग क्षार एकटा काय करणार? किती पाणी पिता, अण्णा?”

बिरादार चाळणी पुसू लागले.

“अण्णा?”

“लागेल तेवढंच. आमच्याकडे तांब्याभर पाण्यावर दिवस काढतो माणूस. म्हटलं, टाकीत चार थेंब शिल्लक पडतील. तुम्हा पोरींच्या कामी येतील.”

नदाफला हसावं की रडावं कळेना. “अहो, शिल्लक पडेल कसं? बंद यान आहे हे! पाटातून वाहून गेलेलं पाणी नाही. प्यालेलं सगळं तुमचंच यंत्र परत देतं. तुम्ही कमी प्यालात, तितकंच कमी परत आलं. आम्ही दोघी तुमच्या यंत्रावर डोळे झाकून विसंबलो. विसंबला नाहीत ते एकटे तुम्ही!”

तिने त्यांच्या कुशीवर सोनोग्राफीचा दांडा फिरवला. पडद्यावर, डाव्या मूत्रपिंडात, मसुराएवढा पांढरा ठिपका दिसला.

“इतके महिने तहान मारून साठवलंत, ते एवढंच,” ती हळूच म्हणाली. “पाणी पीत राहिलात तर पडून जाईल. पण उतरतानाच्या धक्क्यांत हलून नळीत अडकला, तर तिथे मी एकटी काही करू शकणार नाही.”

तरडेंनी मान खाली घातली. “वर यानात मी थांबणार होते. आता तुम्हाला थांबावं लागेल, अण्णा. जन्मभर ज्यासाठी राबलात ते…”

“यंत्र उतरणार ना?”

“यंत्र उतरणार.”

“मग सांत्वन कशाला करता?” बिरादारांनी छाती पुढे काढली. “आळ आला होता तो यंत्रावर. त्याची साक्ष मी माझ्या अंगातून काढून दिली. असा बाप दाखवा एखादा!”

यंत्र उतरलं. दोघींनी ते लाल मातीत रोवलं, चालू केलं, आणि एके दिवशी नदाफचा आवाज वर आला.

“अण्णा, पहिला पेला भरलाय. मॅडम प्यायल्यात. मीही प्याले. आपल्या विहिरीचं वाटावं, असं गोड आहे.”

 बिरादारांनी भिंतीवरची पाण्याची पिशवी ओढून घेतली आणि नळी तोंडाला लावली. घटाघटा, श्वास न घेता ते पीत राहिले. शेजारी टाकीचा काटा खाली सरकला. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.