पान एकोणीस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. डेलानो ग्रॉस माझ्या शेजारी अठ्ठावीस वर्षं राहिला. छापखाना चालवायचा. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, आणि सांगताना तो भ्यायलेला नव्हता, संतापलेला होता. म्हणून मी विश्वास ठेवला.

२०१४ सालचा तेरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री पावणेदहाला डेलानोने प्रुफं शेजारच्या सीटवर टाकली आणि नदीकाठच्या रस्त्याने कॅप्टन हॅडवेच्या घराकडे गाडी काढली. काम साधं होतं. शनिवारी चौकात, युद्धात लढलेल्यांची नावं कोरलेल्या स्मारकाचा दगड उघडायचा होता, लोकांना पुस्तिका वाटायची होती, आणि छपाईआधी कॅप्टनची सही हवी होती. कॅप्टन ब्याण्णव वर्षांचा. दिवसभर झोपायचा आणि रात्रभर जागायचा. ‘दहानंतर ये,’ असा त्याचा निरोप.

पुस्तिका त्याच्याच, दुसऱ्या महायुद्धातल्या बोटीची होती. ‘बोट अकराशे नव्वद : सेवेचा इतिहास.’ दोनशे शिपाई पोटात घेऊन थेट वाळूवर चढणारी सपाट बुडाची बोट. टेक्सासात बांधली, अठरा दिवस हेलकावे खात अटलांटिक ओलांडला, चव्वेचाळीसच्या जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर शिपाई उतरवले. युद्ध संपल्यावर भंगारात गेली. सगळं तारीखवार, नीटनेटकं. फक्त पान एकोणीसवर एक ओळ होती : ‘बोटीवरचा वाढपी एल्बर्ट गँट किनाऱ्यावर पळून गेला.’

तेव्हा आपल्या काळ्या लोकांना गोरे आरमारात दुसरं काम द्यायचेच नाहीत. साहेबांना वाढा, त्यांचे बूट पुसा. एल्बर्ट एकोणीस वर्षांचा. डेलानोचा मामा.

डेलानोने ती ओळ दुपारी स्वतः जुळवली होती. नंतर दोन तास तो यंत्रापाशी नुसता उभा होता.

कॅप्टनच्या घरी सगळे दिवे चालू. पोर्चवर, जिन्यात, न्हाणीघरातसुद्धा. नर्स सकाळी यायची, रात्री म्हातारा एकटाच चाकांच्या खुर्चीत.

“आत ये. दाराला कडी घाल,” कॅप्टन म्हणाला. “सही कुठे?”

“आधी पान एकोणीस बघा.”

“काय बघायचंय? मीच लिहिलंय.”

“एल्बर्ट गँट माझा मामा होता.”

कॅप्टनने चष्मा काढला. “तुझं आडनाव तर ग्रॉस.”

“आई गँटांची.”

“हे बघ ग्रॉस, सत्तर वर्षं झाली. पोरगं होतं, घाबरलं. त्यात कसली लाज?”

“लाज?” डेलानोचा आवाज चढला. “आजोबांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. आई चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, का, तर भाऊ पळपुटा. मरेपर्यंत म्हणत होती, माझा एल्बर्ट पळणार नाही. तुम्ही पळताना बघितलंत त्याला?”

“तशी नोंद आहे.”

“नोंद तुमच्याच हातची. डोळ्यांनी बघितलंत का, ते विचारतोय.”

कॅप्टनने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तेवढ्यात मागच्या अंगाने, नदीकडून, आवाज आला. कर्रर्र... ओला जाड दोर लाकडावर ताणला की येतो तसा.

“तुमच्या धक्क्याला कोणाची बोट लागलीय?”

“धक्का नाही,” कॅप्टन पुटपुटला. “धक्का मी सहा वर्षांपूर्वीच तोडून टाकला.”

कर्रर्र...

कपातली कॉफी एका बाजूला कलली. कलली, आणि तशीच राहिली. जणू सगळं घरच कोणीतरी पाण्याकडे ओढून धरलं होतं.

मागच्या दाराबाहेरून कोणीतरी बोललं. कोवळा आवाज. अदबीचा. दमलेला.

“दोर पक्का आहे, साऽहेब.”

डेलानोची आई ‘साहेब’ अगदी असंच लांबवून म्हणायची.

“तोडा!” कॅप्टन किंचाळला. “तोडा तो दोर! कुऱ्हाड आणा!”

डेलानो त्याच्या खुर्चीसमोर आला. वाकला. “कुठला दोर?”

“शिपायांना धरायला... पाणी खोल होतं. दोर घेऊन पोहणाऱ्याला गोळी लागली. हा म्हणाला, मी जातो. नदीकाठचं पोर... गेला. बांधला त्याने. सगळे उतरले.”

“आणि?”

“जखमींना घेऊन परत येत होता. दोराला धरून. गोळे पडत होते. मला बोट मागे घ्यायची होती... दोर सुटेना.”

“आणि?”

“ओरडत होता. दोर पक्का आहे, साहेब... थांबा, साहेब...”

“कुऱ्हाड कोणी मारली?”

कॅप्टनने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

इथवर डेलानो त्याला ‘तुम्ही’ म्हणत होता. इथून पुढे नाही.

“आणि वर पळपुटा लिहिलंस. लिही आता. याच पानावर. काय झालं ते लिही.”

“माझं नाव... दगडावर माझं नाव आहे...”

“लिही!”

त्याने लिहिलं. वेडंवाकडं. खाली सही केली. डेलानोने पान खिशात घातलं.

“दोर पक्का आहे, साऽहेब...”

“रोज येतो?” डेलानोने विचारलं.

“रोज. मी उघडत नाही. आता लिहिलं ना... आता जाईल ना तो?”

डेलानो मागच्या दाराकडे निघाला.

“नको... ग्रॉस, नको! हात जोडतो तुला!”

डेलानो मला म्हणाला, भीती होती. पण संताप भीतीपेक्षा मोठा होता. त्याने कडी काढली. दार सताड उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. गवत. नदी. काळोख.

“मामा,” तो म्हणाला, “आत ये.”

...

गार काहीतरी त्याच्या खांद्याला घासून आत गेलं.

त्याने मागे वळून बघितलं नाही. तसाच पुढच्या दाराकडे चालत गेला.

“मला एकटं टाकून जाऊ नकोस!” कॅप्टन रडत होता.

“एकटा कुठे आहेस?” डेलानो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

रात्रभर यंत्र चाललं. शनिवारी चौकात पुस्तिका वाटल्या. पान एकोणीसवर कॅप्टनच्या हातचं अक्षर, जसंच्या तसं : ‘एल्बर्ट गँट पळाला नाही. त्याचा दोर मी तोडला.’ स्मारक समितीची माणसं डेलानोवर धावून आली. त्याने मूळ कागद त्यांच्या तोंडासमोर धरला. ती मागे सरली. एल्बर्टचं नाव दगडावर कोरायला मात्र त्यांना पुढचा मे उजाडला. तोवर डेलानो रोज त्यांच्या दारात जाऊन भांडला.

कॅप्टन मार्चपर्यंत जगला. त्या रात्रीबद्दल अवाक्षर बोलला नाही. पण शुक्रवारी सकाळी कामावर गेलेली नर्स म्हणजे माझी भाची, म्हणून एवढं मला ठाऊक आहे.

मागचं दार आतून बंद होतं. कॅप्टन खुर्चीत जागाच होता. त्याच्या दोन्ही तळहातांची कातडी सोलून निघाली होती, आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रात्रभर काहीतरी जिवाच्या आकांताने धरून ठेवावं तशी. पाच वर्षांपासून त्या हातांना चमचासुद्धा धड उचलत नव्हता. भाचीने जखमा धुतल्या, तेव्हा मांसात रुतलेले जाड, पिवळट तंतू चिमट्याने एकेक करून काढावे लागले.

घरात तिने सगळीकडे शोधलं. दोर कुठेच नव्हता.